नळावरच्या गाण्याचा कवी

आमच्या घरात गाणी उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. दादा, म्हणजे माझे वडील, चौथी शिकलेले. वाचायला यायचं, पण लिहायला बसले की एका ओळीला अर्धा तास आणि कपाळाला घाम. म्हणून दुसऱ्या वस्तीतल्या एखाद्या गायन पार्टीचं गाणं आवडलं की ते डोक्यात धरून घरी यायचे आणि सकाळी चहाचा कप घेऊन, डोळे मिटून मला सांगायचे, "घे वं सुमे, उतरव." मी वहीवर वाकायची. दादा गुणगुणत सांगायचे, मध्येच झोप लागायची, कप कलायचा, मी तो हातातून काढून घ्यायची आणि ओरडायची, "दादा, तिसरं कडवं!" ते दचकून जागे होत आणि तिसऱ्याऐवजी पाचवं सांगत. अशा चार जाड वह्या झाल्या होत्या. सगळ्या माझ्या अक्षरात. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ या एकाच गोष्टीतून झाला.

दादा दिवसा भांडुपला रंगाच्या कारखान्यात डबे भरायचे. अंगाला टर्पेंटाइनचा वास कायमचा, आई म्हणायची, "या माणसाजवळ बसून चूल पेटवायची म्हंजे जिवाची भीती." पण सुट्टीच्या दिवशी आणि भीमजयंतीच्या महिन्यात तर रोजच, पांढरा शर्ट घातला की ते वेगळेच दिसायचे. त्यांच्या गायन पार्टीत पेटी त्यांची, ढोलकी किसनमामांची, मागे कोरसला चार जण. हे किसनमामा आईचे चुलतभाऊ, आमच्याच ओळीत राहायचे. घाटकोपरच्या डोंगरउतारावर आमची वस्ती. घराला घर लागलेलं, एकाच्या पत्र्यावरून दुसऱ्याच्या ओट्यावर पाय टाकता यायचा. पहाटे पाचला खाली नळ यायचा आणि सगळी टेकडी हंड्यांच्या आवाजानं जागी व्हायची. मग स्टोव्हची फरफर, कुणाचा तरी रेडिओ, आणि आमच्या घरातून पेटी. आई बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं भरायला जायची, त्यामुळे तुटक्या बिस्किटांचा डबा आमच्याकडे नेहमी भरलेला, आणि त्यापायी वस्तीतली पोरंही. जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा, नाहीतर सुकट. रविवारी बोंबील. आम्ही मूळचे बुलढाण्याकडचे, पण सुकट-बोंबलाशी आईचं असं जमलं होतं की कोळणींशी ती घासाघीस करायची तेव्हा त्यासुद्धा हात जोडायच्या.

गायन पार्ट्यांचा एक कायदा होता. गाणं कुणीही गावं, पण कवीचं नाव घेऊन. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफायचा, 'अमका म्हणे' असं, आणि गायक गाण्याआधी माइकवर सांगायचा, "गीतकार अमुक अमुक, त्यांना आमचा जयभीम." नाव खाल्लं किंवा बदललं तर ते चोरीचं गाणं. चोरीचं गाणं गाणाऱ्याला पुढच्या जयंतीला कुणी स्टेजवर घेत नसे. मुकाबल्यात समोरची पार्टी उभी राहून खुशाल विचारायची, "कवी कुठला? तुम्हाला कुठं भेटला?" आणि उत्तर द्यावंच लागायचं. दादांना या कायद्याचा फार अभिमान. "गाणं गरिबाचं असलं तरी त्याला बाप असतो," असं म्हणायचे. आईनं एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "अन् माय नसते काय वं त्या गाण्याले?" दादा हसले नुसते. आमच्या पार्टीत बायकांनी टाळ्या द्यायच्या, कोरसला 'हो जी' म्हणायचं, बस. मी एकदा म्हटलं होतं, मला एक कडवं गाऊ द्या. तर म्हणाले, "तू शिक, मोठी ऑफिसर हो, गाण्याचं काय घेऊन बसलीस!" माणूस वाईट नव्हता. पण स्टेजवर पोरगी उभी केली तर मुकाबल्यातली वाकोल्याची पार्टी काय म्हणेल, ही भीती पोटात बसलेली.

मी तेव्हा सतराची. एके दिवशी नळावर आईचं आणि खालच्या चाळीतल्या बाईचं जोरदार भांडण झालं. आमच्याकडे नंबराच्या चिठ्ठ्या असायच्या. बायका त्या डोक्यावरच्या चुंबळीत खोचून ठेवायच्या, म्हणजे भिजत नाहीत. त्या बाईनं आईला म्हटलं, तुमच्या लोकांनी मागून भरावं.  आईनं चुंबळ सोडली, चिठ्ठी काढली, तिच्या तोंडापुढं धरली आणि म्हणाली, "हे वाच. आठ. वाचता येत नसंल त माह्या पोरीले विचार." आणि मग जी सुरू झाली! त्याच दुपारी मी पिठाच्या गिरणीत दळण घेऊन बसले होते. पट्ट्याचा तो खडखडाट, डोळ्यांत पीठ, आणि डोक्यात एक ओळ आपोआप फिरायला लागली:

आडावरती अडवली ती माझी आजी होती,
नळावरती भांडली ती माझी आई होती.

घरी येईपर्यंत पाच कडवी झाली. 'चुंबळीमध्ये चिठ्ठी दडली, नंबर होता आठ, मागं वळून पाहिलं नाही, ताठ तिची पाठ.' आनंदानं मला जेवण जाईना. शेवटच्या कडव्यापाशी मात्र अडले. नाव काय घालू? माझं घातलं तर दादा गाणार नाहीत. गिरणीवरच्या पाटीवर मालकाच्या मुलाचं नाव होतं, अंकुश. म्हटलं, चला, अंकुश तर अंकुश. 'अंकुश म्हणे, शाळा शिकली ती माझी ताई होती.' आणि दादांनी सांगितलेल्या दोन गाण्यांच्या मधल्या कोऱ्या पानावर मी ते उतरवून टाकलं. सहज. चेष्टाच म्हणा ना.

आठवड्यानं दादा वही चाळत बसले आणि त्या पानावर थांबले.  त्यांनी ओळ वाचली, पेटी ओढली, चाल लावली, पुन्हा वाचली. "सुमे, हे मी कवा सांगितलं वं?" मी म्हटलं, "गावाकडून, मेहकरहून आलात ना, तेव्हा. अर्धे झोपेत होतात." ते म्हणाले, "असंल, असंल. काय पोट्ट्यानं लिव्हलंय!" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा सांगायला हवं होतं. आज या वयातही त्या सकाळची आठवण झाली की मला माझाच राग येतो. पण माझं गाणं वाचून बाप रडतोय, हे बघत बसण्यात जी मजा होती ती सोडवेना.

गाणं उचललं गेलं. झकास उचललं गेलं. विक्रोळी, मुलुंड, कुर्ला, जिथं दादा जातील तिथं 'नळाचं गाणं' दोनदा. बायका पुढं येऊन बसायच्या. आणि मग एका मुकाबल्यात वाकोल्याच्या पार्टीचे गुलाबराव उभे राहिले. जाड मिशा, खणखणीत आवाज, दादांचे जुने प्रतिस्पर्धी. "कवी अंकुश कोण? आम्ही नाव ऐकलं नाही. तुम्हाला कुठं भेटले?" मी बायकांत बसले होते.  दादा माइकवर म्हणाले, "मेहकरला भेटला. गरीब पोरगा, विशीतला. माझ्यासंगं मुंबईला आला, आमच्या घरी चार दिवस राहिला. निघताना हे गाणं देऊन गेला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी आई बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, फार वेळ पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "आपल्या घरी त कोणीच नाई राह्यलं." दादा मुद्दाम खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही. गाणं आपल्याच वहीत, आपण सांगितल्याशिवाय आलं कुठून? म्हणजे कवी भेटलाच असणार. एकदा भेटला म्हटल्यावर त्याला वय आलं, चेहरा आला. पुढच्या कार्यक्रमात त्याला भुवईवर खूणही आली.

हल्ली मला फोन येतात. पवईला राहणारी एक मुलगी या गाण्यांवर प्रबंध लिहिते आहे. फार गोड बोलते. "मॅडम, लोककवी अंकुश तुमचे कोण?" मी म्हटलं, बाई, ते गाणं माझं आहे.  ती म्हणाली, "हो, असा एक दावा आहे असं मी ऐकलंय." दावा! माझ्या पोटच्या ओळी आणि मी दावेदार! मी रागानं फोन ठेवला, मग तासाभरानं परत केला, कारण तिचाही दोष नाही. दोष कुणाचा, ते आता सांगते.

जयंतीला आठ दिवस होते. संध्याकाळी आई सुकट भाजत होती, घरभर धूर, आणि दारात गुलाबराव उभे. त्यांच्या मागं एक बाई, काळी, हडकुळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढलेली. गुलाबराव म्हणाले, "या गयाबाई. दिंडोशीच्या. कवी अंकुशच्या मातोश्री. पोराचं गाणं तुम्ही त्याला न भेटताच उचललंत, असं आमचं म्हणणं आहे. रविवारी विहारात कमिटीसमोर बोलू." त्यांचा डाव सरळ होता: जयंतीचं स्टेज आमच्या पार्टीकडून काढायचं. पण त्या बाईला डावाचं काही नव्हतं. ती थेट दादांसमोर बसली आणि त्यांचे दोन्ही हात धरले. "भाऊ, माझं लेकरू पंधराचं असताना बापाशी भांडून गेलं. सात वर्सं झाली. अंकुश नाव. लई गायचं. तुम्ही पाहिलंत ना त्याला? केवढा झालाय?"

 गुलाबराव बघत होते, आई हातातलं उलथणं तसंच धरून होती. मला वाटलं, आता सांगतील की मला नीट आठवत नाही. पण गुलाबरावांसमोर मागं कसं हटायचं? दादा म्हणाले, "चांगला उंच झालाय, बाई."

"भुवईवर खूण हाय म्हणत्यात. इथं?" तिनं डाव्या भुवईवर बोट ठेवलं. "लहानपणी पडला होता तो."

दादांनी मान हलवली. हो म्हणून. तशी ती बाई हसली. पुढचे दात नव्हते तिला. आईनं तिच्यापुढं ताट ठेवलं तर ती जेवेना. म्हणाली, आज पोट भरलं. निघताना मला जवळ घेऊन तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मला अंगावर झुरळ पडल्यासारखं झालं, तिच्यामुळं नव्हे, माझ्यामुळं.

ती गेली आणि मी दादांसमोर उभी राहिले. "दादा, ते गाणं मी लिहिलंय. अंकुश कुणी नाही. गिरणीच्या पाटीवरचं नाव आहे ते." दादा हसले आधी. मग आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "चिठ्ठी चुंबळीत ठेवतात हे बाप्या माणसाले काय मालूम? मी पयल्याच दिवशी वयखलं होतं." दादा खाटेवर बसले. मग म्हणाले, "कोणाले सांगू नको. जयंती होऊ दे. आता सांगितलं त मी खोटारडा, अन् खोटारड्या माणसाले या टेकडीवर कोणी पाणी देणार नाही."

"आणि त्या बाईचं काय?"

"तिले बरं वाटलं ना? वाटू दे."

"बरं वाटलं? दादा, ती उद्यापासून पत्ता विचारायला येईल! मेहकरला जाईल ती! वणवण फिरेल!" मी आयुष्यात पहिल्यांदा वडिलांवर ओरडले. त्यांनी हात उगारला, पण मारलं नाही. त्या आठवड्यात आमच्या घरात पेटी वाजली नाही. आई ताटं वाढायची, आम्ही भाकरी मोडायचो, कुणी कुणाकडं बघायचं नाही. आणि झालं तसंच. गयाबाई बुधवारी आली, शुक्रवारी आली. दिंडोशीहून बस बदलत. एकदा तिळाची चटणी घेऊन आली: "तो फिरकला तर द्या." दादांनी डबा घेतला आणि मोरीत जाऊन तोंड धूत बसले, किती वेळ.

रविवारी दुपारी विहार भरला होता. फरशीवर सतरंज्या, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. कमिटीचे अध्यक्ष, सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मध्ये बसलेले. गुलाबरावांच्या पुतण्यानं एक टेपरेकॉर्डर आणला होता, गाणं पुरावा म्हणून भरून घ्यायला. गुरुजींनी विचारलं, "बोला, कवी कुठं आहे? त्याला समोर आणा, नाहीतर गाणं बंद." दादा उभे राहिले.  गयाबाई पुढच्या रांगेत बसून त्यांच्याकडं अशी बघत होती, की आता हे दार उघडतील आणि आतून अंकुश येईल. मला ते बघवेना. मी उठले. आईनं पदर धरला नाही, उलट मागून ढकललंच.

"गाणं माझं आहे," मी म्हणाले. "मी लिहिलं. दादांना मी फसवलं. अंकुश नावाचा कवी नाही."

आधी हशा. मग गलका. कुणी म्हणालं, बापाला वाचवते. गुलाबराव उठले, मिशीवर हात. "तसं असेल तर कवीची परीक्षा कवीसारखी होऊ दे. मी सवाल टाकतो, पोरीनं उभ्या उभ्या जवाब द्यावा. नाही आला, तर पार्टी वर्षभर बंद." आणि त्यांनी खणखणीत आवाजात सवाल टाकला, "नाव सोडून गेला कवी, गाव त्याचं सांग!"

 दोनशे माणसं. मी कधी माइकशिवायही चारचौघांत गायले नव्हते. सूर कुठला धरायचा तेच कळेना. आणि मागून पेटीचा सूर आला. दादा पेटीपुढं बसले होते. पण त्यांची नेहमीची काळी एक नव्हती. त्यांनी काळी चार धरली होती, बाईच्या आवाजाची पट्टी. माझ्याकडं न बघता भाता हलवत होते. मी सूर लावला.

नाव सोडून गेला कवी, गाव त्याचं सांग?
गाव त्याचं हीच टेकडी, नळावरची रांग.
बाईमाणसाच्या शब्दाला नव्हता इथं वाव,
म्हणून मीही उसनं घेतलं परक्याचं ते नाव.

बायकांतून पहिली टाळी आली. किसनमामांनी ढोलकी ओढली. पण प्रत्येक ओळीबरोबर गयाबाईचा चेहरा बदलत होता, आणि मला तो दिसत होता. आता शेवटची ओळ, नावाची. मी थांबले. ओळ तयार होती, 'सुमन म्हणे' अशी, पण तोंडातून निघेना, कारण ती निघाली की त्या बाईचा मुलगा पुन्हा हरवणार होता. ढोलकी ठेका धरून बसली. गुलाबराव म्हणाले, "नाव घे! नाव घेता येत नाही म्हणजे गाणं तुझं नाही!"

"घे, माय," गयाबाई बोलली. जागेवरूनच. "घे तुझं नाव. माझ्या अंकुशला कुठं लिव्हता येत होतं? शाळेतच गेला नाही तो. मला ठावं होतं. पण हे भाऊ हो म्हणाले, म्हणून म्हटलं, शिकला असंल."

मी नाव घेतलं. कसंबसं. गुरुजींनी दोन्ही हात वर केले, म्हणाले गाणं सुमनचं, जयंतीला सुमननं गायचं. बायकांनी असा काही टाळ्यांचा कडकडाट केला की पत्रे हलले. गुलाबरावांनीही, खोटं कशाला बोलू, मान झुकवून जयभीम केला. दादा पेटीवरून उठले, सतरंजी तुडवत गयाबाईपाशी गेले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले, "मी त्याले कधीच पाह्यलं नाही, बाई. मी खोटं बोललो."  मला वाटलं, ती थुंकेल त्यांच्यावर. तिचा हक्क होता.

तिनं त्यांना उठवलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आठ दिस लई चांगले गेले गं माझे. बाया विचारायच्या, कवीची आई ना तुम्ही? आता एक कर. ते नळाचं गाणं एकदा म्हण. पहिल्यासारखं. त्याच्या नावानं."

गुरुजी म्हणाले, "बाई, आत्ताच निकाल दिलाय." मी दादांकडं पाहिलं. ते पेटीवर जाऊन बसले होते, काळी चार धरून. पुतण्यानं टेपरेकॉर्डर आत्ता कुठं चालू केला होता; मला ते दिसलं, आणि उद्या हीच टेप वस्तीवस्तीत वाजेल हेही कळलं, मी काही अगदीच बावळट नव्हते. मी गाणं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हटलं. शेवटच्या कडव्यात 'अंकुश म्हणे' असंच म्हटलं, जरा मोठ्यानंच.